भाकरी कुणी थापायची?

मार्गशीर्ष अमावास्या जवळ आली की अहमदपूरच्या बाजारात हिरव्या दाण्यांचे ढीग लागतात. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, वाल, ओली हळद, मेथी, चुका, कांद्याची पात. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आली हे कुणी सांगावं लागत नाही. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. गावं ओस पडतात आणि शिवार माणसांनी भरून जातं. पुण्या-मुंबईला गेलेली मुलंही या दिवसासाठी रजा काढून घरी येतात.

याच दिवसांत आमच्याकडे घरोघर एक वाद रंगतो. नव्या शिकलेल्या पिढीला ज्वारी परत हवी आहे आणि जिनं जन्मभर ज्वारी थापली तिला चपाती सोडायची नाही. हा वाद मी अनेक घरांतून ऐकला आहे. इथे तो दोघींच्या तोंडी दिला आहे. आत्या अहमदपूर तालुक्यातल्या खेड्यात राहते, साठी ओलांडली तरी शेती बघते. भाची लातूरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. येळवशीची आदली रात्र आहे, दोघी घरातल्या बायकांसोबत भज्जीसाठी शेंगा सोलत बसल्या आहेत.

भाची : आत्या, एवढ्या हौसेनं येळवस करतेस. भज्जी, आंबील, सजगुऱ्याचे उंडे, गव्हाची खीर, काहीच सुटत नाही. मग वर्षभर घरात चपातीच का? २०२३ साल साऱ्या जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, तो प्रस्तावही भारतानंच मांडला होता. आणि इथं ज्वारीच्या मुलखात तुझ्या डब्यात गव्हाचं पीठ.

आत्या : जगानं एक वर्ष पाळलं ना? आम्ही जन्मभर पाळली की माय. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा-बारा वर्षांची होते. विहिरी आटल्या, जनावरं विकली. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचे आन् आम्ही लेकरं तिथं मिळणाऱ्या सुकडीसाठी मागं-मागं फिरायचो. रेशनला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापता थापता फाटायची, ताटात पडली तरी घास गिळत नव्हता. गव्हाची पोळी सणाला, न्हाईतर पाव्हणा आला तर. आज माझ्या नातवाच्या डब्यात रोज चपाती जाती. ती माझ्या जन्माची कमाई हाय. ती सोड म्हणलालीस तू.

भाची : सोड म्हणत नाही. पण तुमच्या पिढीनं उपासमारीची जी आठवण ज्वारीला चिकटवली, ती मिलोची आहे, दुष्काळाची आहे. आपली मालदांडी ज्वारी काय वाईट आहे? शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि जवळपास तेवढाच चोथा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' नावाचा वाणही काढला. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये रक्त कमी असलेल्या कितीतरी असतात.

आत्या : आन् गव्हाच्या कणकेत चोथा न्हाई का?

भाची : आहे. घरी दळून आणलेली, कोंडा न काढलेली कणीक असेल तर ज्वारीइतकाच आहे. मी खोटं नाही सांगणार. गव्हाशी माझं भांडण नाहीच. माझं भांडण मैद्याशी आहे. सकाळी चहात बुडवून खारी, दुपारी पोरांना बिस्किटचा पुडा, संध्याकाळी फरसाण, पाव्हण्याला थंडगार बाटली. आणि वरून दिवसाला पाच-सहा वेळा गोड चहा. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अभ्यास आला, त्यात देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर गेला होता. पूर्वी हा शहरातल्या बैठ्या माणसाचा आजार समजत. आता शेतकरी माझ्यासमोर बसतात, चाळिशीचे.

आत्या : हे खरं हाय. आमच्या गल्लीत साखरेची गोळी लई घरांत गेलीय. पण ज्वारी खाल्ली की साखर उतरती, असं लोकं म्हणतात. तसं हाय का?

भाची : तसं सरळ नाही. चार भाकरी आणि वाटीभर वरण खाल्लं तर पोटात पीठच जास्त जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली. तिच्यात सांगितलंय की दिवसभराच्या उष्मांकांपैकी धान्यातून पंचेचाळीस टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. बाकी डाळी, भाज्या, फळं, दूध, दाणे यांतून यावं. आता या पातेल्याकडे बघ. उद्याच्या भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणे, चार तऱ्हेच्या पालेभाज्या, गाजर, चिंच. डाळीचं पीठ ताकात कालवून त्यात सगळं खदखदणार. सोबत वाफवलेला उंडा आणि आंबवलेली ज्वारीची आंबील. मी लोकांना कागदावर जो आहार लिहून देते, तो आपल्या शेतात वर्षातून एकदा शिजतो.

आत्या : एकदाच शिजतो, कारण एकदाच आठजणी दाणे सोलायला बसतात. हे बघ, अंधार पडल्यापासून सोललालाव आपण, तरी टोपलं भरलं न्हाई.

भाची : म्हणूनच मी म्हणते, निदान ज्वारी तरी रोजची असावी. ती तर शेतातच आहे.

आत्या : शेतात कुठं हाय? तू लहान होतीस तवा होती. खरिपात हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद, रब्बीत टाळकी ज्वारी. आता खरिपात सोयाबीन आन् ते निघालं की लगेच हरभरा. मधी ज्वारीला जागा राहिली का? सोयाबीन शंभर दिवसांत मोकळं होतं. मळणी यंत्र येतं, पोती भरतात, लातूरला आडतीवर जातं, पट्टी हातात. ज्वारीचं काय? पेरली की पाखरं, पाखरं हाकली की रानडुकरं आन् हरणं. मग काढणी, कणसं मोडणी, पेंढ्या बांधणी. गुडघ्यावर बसून काढायची, हाताला कुसं लागतात. मजूर मिळत न्हाई, मिळाला तर मजुरीतच ज्वारी जाती.

भाची : हमीभावातही फरक आहे. २०२५-२६ ला सोयाबीनला क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाले आणि मालदांडीला ३,७४९.

आत्या : मग? दीड हजार कमी घेऊन कुणी पेरायची?

भाची : पण जाहीर भाव पदरात पडतो का? २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकलं गेलं. त्या वर्षी तूच फोनवर सांगत होतीस, बियाणं, खत, फवारणी वजा करता काही उरलं नाही म्हणून. त्यातलं जे उरलं त्यातून किती तेल, किती डाळ, किती औषधं विकत आली? आपल्या जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण मात्र घरी पॅकबंद डाळ आणतो. शेत पूर्वी घर खाऊ घालायचं, आता शेत बाजाराला घालतं आणि बाजार घराला.

आत्या : बाजारामुळं पैसा दिसला, हे इसरू नकोस. तुझं शिक्षण सोयाबीनवर झालं. तुझ्या बापानं ज्वारी पेरली असती तर तू लातूरला शिकली असतीस का? आन् आणखी एक गोष्ट. ज्वारी एकट्या माणसांसाठी नव्हती, जनावरांसाठी होती. दावणीला लाल कंधारीची जोडी होती, एक देवणी गाय होती. कडबा लागायचा म्हणून ज्वारी पेरायचो. दाणा आपल्याला, कडबा त्यांना. बैल गेले, ट्रॅक्टर आला. आता कडबा कुणाला घालू?

भाची : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण तू म्हणतेस तेव्हा सगळं साखळीसारखं दिसतं. बैल गेला, म्हणून कडबा गेला, म्हणून ज्वारी गेली.

आत्या : आन् बैल का गेला? चारा-पाणी करायला घरात माणूस न्हाई म्हणून. पोरं शिकली, शहराला गेली. ती जावीतच. पण मग भाकरीचं कुणी करायचं, ते शहरानं आम्हाला सांगू नये. भाकरी म्हणजे काय, तुला सांगते. पीठ ताजं पाहिजे, आठ दिवसांच्या वर ठेवलं की विरी जाती. आधणाचं पाणी घालायचं, काठवटीत तळहाताच्या बुडानं रगडून मळायचं. एकेक गोळा थापायचा, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग जाळापुढं उभी करून फुगवायची. पापुद्रा सुटला तर भाकरी. चपात्या सकाळी दहा करून डब्यात ठेवल्या तर संध्याकाळीही मऊ राहतात. भाकरी तव्यावरून ताटात पडली पाहिजे. म्हणजे खाणारे बसलेले आन् करणारी चुलीपुढं. तीस वर्षं मी शेवटची जेवले. सगळ्यांच्या भाकरी उतरेपर्यंत माझी थंड व्हायची.

भाची : आत्या, हे मात्र आमच्या पुस्तकात नसतं.

आत्या : मग घाल पुस्तकात. तुझ्याकडं साखरेचा पेशंट येतो, तू लिहून देतीस, 'ज्वारीची भाकरी खा.' तो घरी जाऊन बायकोला सांगतो, 'उद्यापासून भाकरी.' तुझी चिठ्ठी त्याच्या नावाची आन् काम तिच्या नावाचं. ती रानात जाणारी, न्हाईतर शाळेत शिकवणारी. एकदा तरी त्याला विचारलंस का, तुला भाकरी थापता येती का?

भाची : विचारायला हवं. आणि शिकवायलाही हवं. थापता येत नाही असं काही नसतं, शिकलं तर येतं. सोलापुरात बायकांचे गट कडक भाकरी करून विकतात. ती भाकरी दूरदूर जाते आणि त्या बायकांच्या हातात पैसा येतो. अहमदपुरात, किनगावात, हाडोळतीत बचत गट आहेतच. मऊ भाकरी रोज सकाळी घरपोच मिळाली तर नोकरी करणाऱ्या घरात ती नक्की खाल्ली जाईल. फुकटच्या कामाचा मोबदला मिळू लागला की त्याची कदरही होते.

आत्या : हे पटलं. विकत घ्यायची तर भाव देऊन घ्या. आन् रेशनचंही बघा. रेशनला गहू-तांदूळ फुकट येतो, मग ज्वारी विकत घेऊन कोण खाईल?

भाची : २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहे. माणशी पाच किलो धान्य, त्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर लिहिला होता. २०२३ पासून ते मोफत झालं.

आत्या : कायद्यात असंल. आमच्या पिशवीत बहुतेक वेळा गहू-तांदूळच पडलेत. सरकारनं इथली ज्वारी इथंच हमीभावानं घेतली आन् इथल्याच रेशनला दिली, तर मी उद्या दोन एकर पेरते. आत्ताही चार तास, चार ओळी, घरापुरती पेरलीयच. उद्याची कडब्याची कोप त्याच ज्वारीजवळ घातलीय.

भाची : म्हणजे सोडलेली नाहीस तर!

आत्या : सोडली असं मी कवा म्हणलं? तुमच्या शहरातल्या हौसेसाठी पेरणार न्हाई म्हणलं.

भाची : बरं, खाण्याचं सोडू, चालण्याचं बोलू. तुझी साखर अजून काबूत आहे, त्याचं श्रेय मी भाकरीला देत नाही आणि चपातीलाही नाही. तू रोज शेतात चालत जातेस. घरातली बाकी माणसं मोटारसायकलवर जातात.

आत्या : रस्ता चांगला झाला, माणसं बसली. लातूर-नांदेड रस्ता चौपदरी झाल्यापासून लातूरला जाऊन दुपारी माघारी येता येतं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट हाय, त्यामुळं बायका माहेरी जातात, दवाखान्यात जातात, बाजारात स्वतः जातात. हे लई चांगलं झालं, याला मी नावं ठेवणार न्हाई. पण पूर्वी निघताना फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा बांधून घ्यायचो. आता शिरूर ताजबंदच्या फाट्यावर गाडी थांबली की भजी, चहा आन् पोरांना कुरकुऱ्याचा पुडा. डबा बांधायची लाज वाटती लोकांला.

भाची : लाज हाच शब्द मी रोज ऐकते. डब्यात भाकरी नेली तर मुलांना लाज, लग्नात भाकरी ठेवली तर यजमानाला लाज. आणि हीच भाकरी पुण्यातल्या हॉटेलात महागडी झाली की अभिमान.

आत्या : पण दिंडीत लाज वाटत न्हाई बघ. अहमदपूरच्या शिवलिंग शिवाचार्य महाराजांनी वर्षानुवर्षं कपिलधारची पदयात्रा चालवली. शंभरी पार केलेला माणूस, २०२० ला देह ठेवला. तिथं मन्मथ स्वामींच्या समाधीला कार्तिकी पौर्णिमेला लोक चालत जातात, बीड जिल्ह्यापर्यंत. अशा दिंडीत, गावच्या सप्ताहात, घरटी भाकरी गोळा होती. दहा घरी दोन-दोन, वीस घरी चार-चार. कुण्या एकीच्या हाताला भार न्हाई. एका मोठ्या पातेल्यात आमटी, एका पंगतीत सगळे. चालून आलेल्या माणसाला त्या भाकरीची चव लागती, ती घरच्या भाकरीला न्हाई.

भाची : चालल्यामुळे भूक लागते, म्हणून.

आत्या : आन् शेजारी माणूस असतो, म्हणून. हे तू लिहून देतीस का चिठ्ठीवर?

भाची : आता देईन. पण आत्या, तू समुदायाचं इतकं छान बोलतेस, एक विचारू? उद्या शेतावर कोण कोण येणार?

आत्या : भावकी, सोयरे, तुझ्या आतेभावाचे पुण्याचे मित्र. आज माळेगावला खंडोबाची देवस्वारी झाली, लोह्याकडचे सोयरे ती बघून उद्या इकडं येतील. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारतो आम्ही. येळवशीला कुणी उपाशी गेला तर शेताला लागतं.

भाची : रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारतेस. आणि वर्षभर तुझ्या शेतात खुरपायला येणाऱ्या बायका? त्यांना स्वतःचं शेत नाही. त्या उद्या कुणाच्या कोपीत बसतील?

आत्या : ... त्यांना ताट बांधून देतो.

भाची : बांधून देतेस. बसवतेस का?

आत्या : माझी सासू बसवत न्हवती. मी दोघींना बोलावते, त्या येतात, पण जरा बाजूला बसतात. मीही कवा धरून एका ओळीत बसवलं न्हाई. तुझं म्हणणं बरोबर हाय. त्यांनीच निंदलेलं, त्यांनीच काढलेलं. उद्या पंगत एकच पडेल. आन् वाढायला पुरुष उभे राहतील, आम्ही बायका पहिल्या पंगतीला बसू. बघू कुणाला काय वाटतं.

भाची : वाटलं तरी जेवायला थांबतीलच. भज्जी सोडून कुणी जात नाही.

इथे मी दोघींना थांबवतो, कारण यापुढे मला माझं म्हणणं मांडायचं आहे.

भाचीचं शास्त्र बरोबर आहे. मराठवाड्याच्या ताटातून डाळी आणि पालेभाज्या कमी झाल्या, ज्वारी मागे पडली, पुड्यातलं खाणं वाढलं, चालणं घटलं, आणि त्याची किंमत माणसं दवाखान्यात मोजत आहेत. पण आत्याचं बोलणं त्याहून जास्त बरोबर आहे, असं मला वाटतं. सकस आहाराचा उपदेश करणारे आपण सगळे धान्याबद्दल बोलतो आणि हातांबद्दल गप्प राहतो. ज्वारी मागे पडली ती लोकांना अक्कल नव्हती म्हणून नव्हे. तिला भाव नव्हता, मजूर नव्हता, दावणीला बैल उरला नव्हता, आणि ती थापणाऱ्या बाईला कुणी कधी 'बस, आज मी थापतो' म्हटलं नव्हतं. या चार गोष्टी बदलल्याशिवाय भरडधान्याची कितीही वर्षं पाळली तरी भाकरी पाहुणीसारखी येईल आणि पाहुणीसारखीच जाईल.

येळवस आम्हाला दरवर्षी दाखवते की हे जमतं. त्या एका दिवसासाठी आठजणी दाणे सोलतात, सगळं घर चालत शेतात जातं, पंधरा-वीस तऱ्हेचं हिरवं एका पातेल्यात शिजतं आणि कुणी एकट्यानं जेवत नाही. याच सणाला सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीतही शेतं अशीच भरतात. एवढी मोठी शहाणीव आपल्याकडे आहे, तर ती अमावास्येपुरती का ठेवायची?

म्हणून अहमदपूर परिसरातल्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे. यंदा शेतात घरापुरते चार तास ज्वारीचे पेरा, शेत नसेल तर ती शेजारच्या शेतकऱ्याकडून योग्य भाव देऊन घ्या. आठवड्यातून दोन दिवस घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी भाकरी थापावी. पहिल्या दहा फाटतील, अकरावी जमेल. बचत गटाची भाकरी घासाघीस न करता विकत घ्या. ग्रामसभेत ठराव करून रेशनला इथलीच ज्वारी मागा. आणि येत्या येळवशीला, ज्यांच्या हातांनी तुमचं शेत उभं राहिलं त्यांना ताट बांधून देऊ नका, आपल्याच पंगतीत, आपल्या शेजारी बसवा.